वाक्याच्या शेपटीचे गणित

'तू उद्या येणार आहेस ना?' हे वाक्य तुम्ही दिवसातून दहा वेळा तरी कोणत्या ना कोणत्या रूपात बोलत असाल. त्यातला 'ना' काढून टाका. उरते 'तू उद्या येणार आहेस.' आता ते नुसते विधान झाले; जणू कोणी हुकूमच सोडला! 'ना' हे अवघे एक अक्षर, पण ते केवढे काम करते पाहा. बोलणाऱ्याला उत्तराचा अंदाज आहे, तरीही त्याला समोरच्याचा दुजोरा हवा आहे, हे सारे ते एकटे सांगते.

आणि गंमत अशी की वाक्य कोणतेही असो, 'ना' बदलत नाही. 'पाऊस पडला ना?', 'आजी झोपली ना?', 'त्यांना पोहता येतं ना?', 'आपण चुकलो नाही ना?' कर्ता बदलला, काळ बदलला, होकाराचा नकार झाला. 'ना' आपला जागच्या जागी! हिंदीतला 'ना' आणि गुजरातीतला 'ने' यांची तऱ्हा हीच. फ्रेंच माणूस 'नेस पा' म्हणतो आणि जर्मन माणूस 'निष्ट वार'. त्यांच्याही शेपट्या ठरलेल्या आहेत.

इंग्रजीची शेपटी मात्र सरड्यासारखी आहे. समोर जसे वाक्य येईल तसा ती रंग बदलते. या शेपटीला इंग्रजी व्याकरणात 'क्वेश्चन टॅग' म्हणतात. परीक्षेत ती एका गुणाला विचारली जाते आणि पुष्कळांचा तो गुण जातो. पण तिच्यामागचे शास्त्र एकदा कळले, की पाठांतर करावे लागत नाही. ते शास्त्रच आज आपण पाहणार आहोत.

शिवमंदिरापाशी सात वाक्ये

मध्य रेल्वेने कल्याणहून कर्जतकडे निघाले की उल्हासनगरनंतर अंबरनाथ येते आणि त्याच्या पुढे बदलापूर. अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणातले प्राचीन शिवमंदिर आहे. तेथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहार राजांचे राज्य होते. मंदिराच्या बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना पायऱ्या चढायच्या नसून उतरायच्या आहेत. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते.

समजा, एखादा परदेशी पाहुणा तुमच्याबरोबर हे मंदिर पाहायला आला आहे. तुम्ही त्याच्याशी इंग्रजीत बोलत आहात. आता ही सात वाक्ये पाहा:

१. द टेम्पल इज ओल्ड, इझन्ट इट? (मंदिर जुने आहे ना?)
२. द शिलाहाराज बिल्ट इट, डिडन्ट दे? (ते शिलाहारांनी बांधले ना?)
३. द वालधुनी फ्लोज निअर इट, डझन्ट इट? (जवळून वालधुनी वाहते ना?)
४. द स्टेप्स गो डाऊन, डोन्ट दे? (पायऱ्या खाली जातात ना?)
५. यू कॅन सी द कार्व्हिंग्ज, कान्ट यू? (तुम्हांला शिल्पे दिसतात ना?)
६. युअर सिस्टर हॅज सीन द फेअर, हॅझन्ट शी? (तुमच्या बहिणीने जत्रा पाहिली आहे ना?)
७. वी मस्टन्ट टच द स्कल्प्चर्स, मस्ट वी? (आपण शिल्पांना हात लावायचा नाही ना?)

मराठीत सातही ठिकाणी एकच 'ना'. इंग्रजीत सात वाक्यांना सात वेगळ्या शेपट्या! मग इंग्रजीत अशा एकूण शेपट्या आहेत तरी किती? चला, मोजू या.

सर्वनामे सात: आय, वी, यू, ही, शी, इट, दे. कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मस्ट, मे, माइट ही नऊ साहाय्यक क्रियापदे सातही सर्वनामांबरोबर तशीच राहतात; म्हणजे ९ × ७ = ६३ जोड्या. डिड आणि हॅड यांचेही तसेच; २ × ७ = १४. अ‍ॅम-इज-आर या गटातले एकेक रूप एकेका सर्वनामाच्या वाट्याला येते, म्हणून ७. वॉज-वेअर यांच्या ७, हॅव-हॅज यांच्या ७ आणि डू-डझ यांच्या ७. सगळ्यांची बेरीज १०५. प्रत्येक जोडी होकारार्थी किंवा नकारार्थी, म्हणून दुप्पट केली की २१०! 'मेन्ट आय' यांसारख्या काही जोड्या आज कोणी फारशा वापरत नाही. त्या सोडल्या तरी आकडा दोनशेच्या आसपासच राहतो.

इंग्लंडमधले पाच वर्षांचे पोर हे सारे पाठ करून बोलते का? मुळीच नाही. त्याच्या मनात दोनशे शेपट्यांची यादी नसते. तिथे एक लहानसे सूत्र असते. आकाशातून पडणाऱ्या प्रत्येक वस्तूचा वेग आपण वेगळा पाठ करीत नाही, एका नियमाने काढतो. भाषेतही तसेच आहे.

सूत्राच्या तीन पायऱ्या

वरची सात वाक्ये पुन्हा वाचा आणि शेपटी मूळ वाक्यातून काय काय उचलते ते शोधा. तीन गोष्टी दिसतील.

पहिली पायरी: मूळ वाक्यातले पहिले साहाय्यक क्रियापद उचला. इज, कॅन, हॅज, मस्ट ही ती क्रियापदे. एकापुढे एक दोन-तीन असली तरी पहिलेच घ्यायचे. 'ही शुड हॅव बीन टोल्ड' या वाक्याची शेपटी 'शुडन्ट ही' अशी होते. 'हॅवन्ट ही' नव्हे.

दुसरी पायरी: खूण उलटी करा. गणितात कंसाबाहेर उणे चिन्ह असले की आतल्या खुणा उलटतात ना, तसेच हे. वाक्य होकारार्थी असेल तर शेपटी नकारार्थी, वाक्य नकारार्थी असेल तर शेपटी होकारार्थी.

तिसरी पायरी: कर्त्याच्या जागी त्याचे सर्वनाम ठेवा. द टेम्पल म्हणजे इट, द स्टेप्स म्हणजे दे, युअर सिस्टर म्हणजे शी.

आता तुम्ही विचाराल, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांत साहाय्यक क्रियापद आहेच कुठे? बिल्ट, फ्लोज, गो ही तर मुख्य क्रियापदे! मग डिडन्ट, डझन्ट आणि डोन्ट कोठून आले?

लपलेला 'डू'

पाण्याकडे पाहून त्यात दोन वायू आहेत असे वाटत नाही. पण विजेच्या साहाय्याने त्याचे पृथक्करण केले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. 'बिल्ट' या शब्दाचेही असेच पृथक्करण करता येते. 'बिल्ट' म्हणजे 'डिड' अधिक 'बिल्ड'. 'फ्लोज' म्हणजे 'डझ' अधिक 'फ्लो'. 'गो' म्हणजे 'डू' अधिक 'गो'. साध्या वाक्यात काळ क्रियापदात मिसळून गेलेला असतो. प्रश्न किंवा नकार आला की तो वेगळा होतो आणि त्याला उभे राहायला आधार लागतो. तो आधार म्हणजे 'डू'. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात काळाचा प्रत्यय हा क्रियापदापासून वेगळा घटक मानून इंग्रजी साहाय्यक क्रियापदांची अशीच फोड करून दाखवली.

म्हणूनच 'डिडन्ट ही वेन्ट' हे चूक. काळ एकदा 'डिड'मध्ये गेला की तो मुख्य क्रियापदात पुन्हा कसा राहील? एकच रुपया दोन खिशांत ठेवता येत नाही!

हा 'डू' इंग्रजीत पहिल्यापासून नव्हता. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, लोक 'नो यू हिम?' असेही विचारीत आणि 'डू यू नो हिम?' असेही. 'आय नो नॉट' हेही चालत असे. जर्मन भाषेत अजून मुख्य क्रियापदच उचलून कर्त्याच्या आधी ठेवतात. इंग्रजीने मात्र हळूहळू ती सवय सोडली आणि जड मुख्य क्रियापद जागेवरच ठेवून हलके 'डू' पुढे पाठवायला सुरुवात केली. हा बदल पुरा व्हायला दोन-तीन शतके लागली. स्वीडनचे अल्वार एलेगोर्ड यांनी जुन्या ग्रंथांतली हजारो वाक्ये मोजून हा बदल कसकसा होत गेला ते १९५३ साली दाखवले.

जेथे पाय घसरतो

नियम कळला की अपवादांकडे पाहायचे. नीट पाहिले तर त्यांतले बरेचसे अपवाद नसतातच. मूळ नियमच तेथे जरा आडून काम करीत असतो.

'ही नेव्हर कम्स लेट' या वाक्यात 'नॉट' नाही, पण अर्थ नकारार्थी आहे. म्हणून शेपटी होकारार्थी: 'डझ ही?' हार्डली, सेल्डम, नोबडी, नथिंग या शब्दांचेही तसेच. 'फ्यू' आणि 'लिटल' यांचा अर्थ 'जवळजवळ नाहीच', म्हणून तेही नकाराच्या पंगतीला. पण त्यांच्यामागे 'अ' आला की 'थोडे तरी आहे' असा होकार होतो आणि शेपटी उलटते.

'एव्हरीबडी' आणि 'नोबडी' यांची शेपटी 'दे' घेते, कारण तेथे पुरुष की स्त्री हे ठाऊक नसते. 'देअर इज अ रिव्हर' म्हटले तर 'देअर' हाच कर्त्याच्या खुर्चीवर बसतो: 'इझन्ट देअर?'

'हीज गॉन' आणि 'हीज गोइंग' यांतला 'ज' कानाला सारखाच. पण पहिल्यात तो 'हॅज'चा, दुसऱ्यात 'इज'चा. म्हणून 'हॅझन्ट ही' आणि 'इझन्ट ही'. शब्द आखडलेला असेल तर आधी तो उलगडा, मग शेपटी जोडा.

'शी हॅज अ सायकल' या वाक्यात 'हॅज' हे मुख्य क्रियापद आहे. 'जवळ असणे' हा त्याचा अर्थ. म्हणून आज 'डझन्ट शी' अशी शेपटी लावतात. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत 'हॅझन्ट शी' असेही आढळते.

एक अपवाद मात्र खराखुरा आहे. 'आय अ‍ॅम लेट' याची शेपटी नियमाप्रमाणे 'अमन्ट आय' व्हायला हवी. तशी ती स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये अजून ऐकू येते. पण 'म' आणि 'न' लागोपाठ उच्चारणे अवघड, म्हणून इंग्लंडमध्ये 'म' गळाला आणि 'आन्ट आय' असा उच्चार झाला. तिथल्या अनेकांच्या बोलण्यात 'आरन्ट'मधला 'र'ही उच्चारला जात नाही. म्हणजे दोन्ही शब्द कानाला सारखेच! लिहिताना मग तो 'आरन्ट आय' असा लिहिला गेला. चमत्कारिक वाटणाऱ्या या रूपामागे असे जिभेचे कारण आहे.

'लेट्स गो' या सूचनेला 'शॅल वी' आणि आज्ञेला बहुधा 'विल यू' जोडतात. ही दोन मात्र लक्षात ठेवावी लागतात.

सूर चढता की उतरता?

कागदावर दिसत नाही पण कानाला कळते अशी एक गोष्ट राहिली. शेपटीचा सूर चढता ठेवला, तर बोलणाऱ्याला खरोखरच ठाऊक नाही. सूर उतरता ठेवला, तर त्याला नुसता दुजोरा हवा आहे. 'इट्स कोल्ड, इझन्ट इट' हे कुडकुडत उतरत्या सुरात म्हणणारा माणूस तुमच्याकडे हवामानाची माहिती मागत नसतो!

मराठीतही हा भेद आहे. 'गाडी गेली ना?' हे धापा टाकीत विचारून पाहा. मग 'सांगितलं होतं ना!' हे आई ज्या सुरात म्हणते तसे म्हणून पाहा. अक्षर एकच, पण सूर बदलला की प्रश्नाचा शिक्का होतो.

'हो' म्हणजे काय?

आता महत्त्वाचा भाग. शेपटी चुकली तर परीक्षेत एक गुण जाईल. पण तिचे उत्तर चुकले तर त्याहून पुष्कळ अधिक जाऊ शकते.

कोणी विचारले, 'तू जेवला नाहीस ना?' तुम्ही खरोखरच जेवलेले नाही. काय उत्तर द्याल? पुष्कळ जण म्हणतील, 'हो, नाही जेवलो.' हा 'हो' कशाला? तर तो विचारणाऱ्याच्या समजुतीला: 'हो, तुझे म्हणणे बरोबर.' आपला 'हो' आणि 'नाही' बहुधा समोरच्याच्या विधानाशी जुळतो किंवा जुळत नाही हे सांगतो. जपानी भाषेतही असेच आहे.

इंग्रजीतले 'येस' आणि 'नो' समोरच्याकडे पाहत नाहीत. ते आपल्याच पुढच्या वाक्याकडे पाहतात. पुढचे वाक्य होकारार्थी तर 'येस', नकारार्थी तर 'नो'. प्रश्न कसाही विचारलेला असो. जेवला नसाल तर 'नो, आय हॅवन्ट'. जेवला असाल तर 'येस, आय हॅव'. 'येस, आय हॅवन्ट' असे उत्तर इंग्रजीत संभवतच नाही. विजेच्या बटणाचा अर्धा भाग चालू आणि अर्धा बंद असे होते का कधी?

याचा धोका पाहा. डॉक्टर इंजेक्शन देण्यापूर्वी इंग्रजीत विचारतात, 'यू आरन्ट अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन, आर यू?' तुम्हांला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही ना? समजा, रुग्णाला ती आहे. मनातल्या मराठीच्या रीतीने तो 'नाही' म्हणतो, म्हणजे 'तुमचा समज बरोबर नाही', आणि तोंडाने एवढेच म्हणतो, 'नो.' डॉक्टरांना काय ऐकू आले? 'अ‍ॅलर्जी नाही.' सुई तयार होते! उलट अ‍ॅलर्जी नसलेल्या रुग्णाने 'हो, बरोबर' या अर्थी 'येस' म्हटले, तर त्याला हवे असलेले औषध मिळणार नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी वेगवेगळ्या भाषांची माणसे एकत्र काम करतात. 'द व्हॉल्व्ह इझन्ट ओपन, इज इट?' या प्रश्नाला नुसते 'येस' किंवा 'नो' हे उत्तर किती धोक्याचे आहे, हे आता तुम्हीच सांगाल.

उपाय सोपा आहे आणि तो इंग्रजीनेच देऊन ठेवला आहे: नुसते 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबायचे नाही. पुढे कर्ता आणि साहाय्यक क्रियापद जोडायचे. 'येस, आय अ‍ॅम.' 'नो, इट इझन्ट.' हे दोन-तीन शब्दांचे आखूड उत्तर म्हणजे नुसती शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. तो अर्थाचा कुलूपबंद दरवाजा आहे.

विमान वाहतुकीत तर याबाबत फार काटेकोर असावे लागते. तेथे रेडिओवर होकारासाठी 'अफर्म' आणि नकारासाठी 'निगेटिव्ह' असे ठरावीक शब्द आहेत. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. डच विमान धावू लागले होते, तेव्हा त्याच्या इंजिनिअरने डच भाषेत विचारले, 'ते पॅन अमेरिकनचे विमान धावपट्टीवरून गेलेले नाही का?' वैमानिकाने उत्तर दिले, 'यावेल.' नकारार्थी प्रश्न खोडून काढण्यासाठी डच भाषेत हा खास शब्द आहे. त्याचा अर्थ आपल्या 'गेलंय की!' सारखा. शब्द अगदी निःसंदिग्ध होता, पण माहिती चुकीची होती; ते विमान तेथेच होते. अपघाताची कारणे अनेक होती आणि रेडिओवरचे संदिग्ध बोलणे हे त्यांतले एक होते. त्यानंतर वैमानिक आणि नियंत्रक यांच्या बोलण्याचे नियम अधिक कडक करण्यात आले. उत्तर स्पष्ट हवे आणि ते खात्री करूनच द्यायला हवे, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

डच 'यावेल'सारखे फ्रेंचमध्ये 'सी' आणि जर्मनमध्ये 'डोख' हे शब्द आहेत. मराठीत हे काम 'की' करतो. 'तू आला नव्हतास ना?' 'आलो होतो की!' पूर्वी इंग्रजीतही अशी सोय होती. होकारार्थी प्रश्नाला 'ये' किंवा 'ने' आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस' किंवा 'नो' असे चार शब्द असत. १५३० नंतरच्या काळात सर टॉमस मोर यांनी हा भेद न पाळल्याबद्दल तक्रार केली होती. पुढे दोन शब्द मागे पडले आणि उरलेल्या दोघांवर सगळा भार आला. त्यामुळे साहाय्यक क्रियापदाच्या मदतीवाचून त्यांचे चालत नाही.

मराठीची रीत आणि इंग्रजीची रीत

'आलास?' 'आलो.' 'जेवलात?' 'जेवलो.' मराठी माणूस मुख्य क्रियापदच परत देतो. इंग्रजी माणूस ते गाळतो आणि फक्त साहाय्यक क्रियापद परत देतो: 'येस, आय डिड.' म्हणून 'डिड यू ईट?' या प्रश्नाला 'येस, आय एट' असे उत्तर दिले तर ते कळते, पण कानाला मराठी लागते.

येथे आणखी एक बारकावा आहे. 'येस, आय अ‍ॅम' याचे 'येस, आयम' असे आखूड रूप होत नाही. 'नो, आयम नॉट' मात्र चालते. असे का? 'आय अ‍ॅम' याच्यानंतर एक वाक्य गाळलेले आहे, तेथे पोकळी आहे. पोकळीच्या काठावरच्या शब्दावर आवाजाचा जोर पडतो आणि जोर पडलेला शब्द आखडता येत नाही. 'आयम नॉट'मध्ये तो जोर घ्यायला 'नॉट' उभा आहे!

'मीही' आणि 'मीही नाही' यांसाठीही इंग्रजीला साहाय्यक क्रियापदच लागते. 'आय लाइक मँगोज' याला 'सो डू आय'. 'आय कान्ट स्विम' याला 'नीदर कॅन आय'. त्यात कर्ता शेवटी जातो हे ध्यानात ठेवा.

नकाराच्या बाबतीत मात्र मराठीही कमी नाही. 'आहे'चा नकार 'नाही', 'होता'चा 'नव्हता', 'असेल'चा 'नसेल', 'असतो'चा 'नसतो', 'हवे'चा 'नको', आणि मनाई करायला 'नये'. इझन्ट, वॉझन्ट, वोन्ट, शुडन्ट ही मंडळी पाहून घाबरायचे कारण नाही. आपल्या घरी असेच भरलेले कुटुंब आहे. 'नव्हता'च्या जागी 'नाही' वापरल्यावर कसे खटकते? 'वॉझन्ट'च्या जागी 'इझन्ट' आला की इंग्रजी कानाला तसेच खटकते.

गाडीत ऐकलेली सांकेतिक भाषा

उल्हासनगरहून अंबरनाथला जाणाऱ्या लोकलमध्ये शेजारच्या बाकावरचे हे इंग्रजी बोलणे तुमच्या कानावर पडले असे समजा: 'आय डिडन्ट, बट शी डिड. सो डिड हर ब्रदर. डिड यू?' प्रत्येक शब्द ओळखीचा, पण विषय कळला का? ते चित्रपट पाहण्याविषयी बोलत होते, की परीक्षेत नापास होण्याविषयी? पहिले वाक्य ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक!

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी साहाय्यक क्रियापदांच्या या गुणाला 'कोड', म्हणजे सांकेतिक लिपी, असे नाव दिले. पहिल्या वाक्यातले मुख्य क्रियापद ही किल्ली. पुढची सारी वाक्ये त्या किल्लीने उघडायची. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. क्वेश्चन टॅग आणि आखूड उत्तरे ही या सांकेतिक भाषेचीच दोन रूपे आहेत. म्हणून एक साधले की दुसरे आपोआप साधते.

आमचे 'इझन्ट इट'

'यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?' असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. 'यू आर कमिंग, नो?' हेही मुंबई-गोव्याकडे नेहमीचे. हे कोठून आले ते आता तुमच्या लक्षात आलेच असेल. मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्यांनी आपला न बदलणारा 'ना' इंग्रजीत नेला, इतकेच. वेल्समधल्या लोकांच्या इंग्रजीतही 'इझन्ट इट' असाच सर्व वाक्यांना चालतो आणि लंडनची तरुण मुले 'इनिट' म्हणून सगळीकडे एकच शेपटी लावतात. तेव्हा असे बोलणाऱ्याला कोणी अडाणी म्हणून हसू नये. त्याच्या बोलण्यातही नियम आहेच. फक्त तो दुसऱ्या भाषेचा आहे.

पण नियम कोणता कोठे चालतो हे ओळखणे हेही शहाणपणच. मित्रांशी बोलताना काहीही चालेल. परीक्षेत, पत्रात, मुलाखतीत, दवाखान्यात किंवा परक्या देशात मात्र इंग्रजीचा नियम इंग्रजीच्या पद्धतीनेच पाळावा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. पण किती वर्षे शिकलो यापेक्षा, आपल्या भाषेचा नियम कोठे संपतो आणि दुसरीचा कोठे सुरू होतो हे पाहिले का, याला महत्त्व अधिक आहे.

करून पाहा

खालील वाक्यांना शेपट्या जोडा. आधी साहाय्यक क्रियापद शोधा. नसेल तर मुख्य क्रियापदाचे पृथक्करण करा.

१. युअर अंकल वर्क्स इन बदलापूर, ...?
२. द ट्रेन हॅझन्ट लेफ्ट, ...?
३. नोबडी न्यू द आन्सर, ...?
४. देअर वेअर मेनी पिल्ग्रिम्स, ...?
५. शीड फिनिश्ड हर होमवर्क, ...?
६. आय अ‍ॅम युअर फ्रेंड, ...?
७. डॉक्टर विचारतात, 'यू हॅवन्ट टेकन द मेडिसिन, हॅव यू?' तुम्ही औषध घेतलेले नाही. पूर्ण आखूड उत्तर द्या.
८. मित्र म्हणतो, 'आय डिडन्ट सी द फेअर.' तुम्हीही पाहिली नाही. 'मीही नाही' हे इंग्रजीत सांगा.

उत्तरे: १. डझन्ट ही? २. हॅज इट? ३. डिड दे? ४. वेरन्ट देअर? ५. हॅडन्ट शी? ('शीड' म्हणजे येथे 'शी हॅड'.) ६. आरन्ट आय? ७. नो, आय हॅवन्ट. ८. नीदर डिड आय.

आणि एक प्रयोग मराठीतला. एक वही घ्या. आठवडाभर घरातल्या दहा माणसांना नकारार्थी प्रश्न विचारा: 'तुम्ही चहा घेतला नाही ना?', 'आज पेपर आला नाही ना?' ज्यांना दुजोरा द्यायचा आहे त्यांतले किती जण 'हो' ने सुरुवात करतात, किती जण 'नाही' ने, आणि किती जण नुसते क्रियापद परत देतात, याच्या तीन रकान्यांत खुणा करा. मोठ्यांची आणि लहानांची उत्तरे वेगळी मांडा. मराठीची रीत नक्की कोणती, याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी ते तुमच्या स्वतःच्या वहीत सापडेल.